आजी-आजोबांच्या नाडीची लय बिघडते तेव्हा: औषध कसे निवडावे

सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या ईसीजीच्या अहवालावर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ असे लिहून आले की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ठोके नीट करणारी गोळी कोणती? प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु म्हातारपणी तो सर्वांत शेवटी विचारायचा असतो. त्याआधी ठोके खरोखर कशामुळे बिघडले ते पाहावे लागते, मग मेंदूत गुठळी जाऊ नये याची सोय करावी लागते, त्यानंतर नाडीचा वेग आवरावा लागतो, आणि एवढे झाल्यावर लय पूर्ववत करण्याचा प्रयत्न करायचा की नाही याचा विचार करता येतो. तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करताना मी जे रुग्ण बिघडलेले पाहिले, त्यांतील बहुतेकांच्या बाबतीत औषध चुकीचे नव्हते. हा क्रम चुकला होता, मात्रा वजनाला आणि किडनीला जुळत नव्हती, किंवा नवी गोळी जुन्या गोळ्यांशी भांडत होती.

औषध लिहून देणे हे तुमच्या डॉक्टरांचेच काम आहे आणि येथे दिलेल्या मात्रा वाचून कोणीही स्वतःहून गोळी सुरू, बंद किंवा अर्धी करू नये. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमके काय सांगायचे आणि काय विचारायचे, हे घरच्यांना कळावे एवढ्यासाठी हा लेख आहे.

पहिली पायरी: निदान पक्के करा आणि पिशवी रिकामी करा

ठोका चुकल्यासारखा वाटणे म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनच असे नाही. म्हातारपणी मधूनच एखादा जादा ठोका पडणे अत्यंत सामान्य आहे, आणि हृदयाची रचना व पंपाची ताकद चांगली असेल तर अशा जादा ठोक्यांना पुष्कळदा औषधच लागत नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये मात्र हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात, आणि नाडीला कसलाही ताल उरत नाही. त्याचा पुरावा ईसीजीवरच मिळाला पाहिजे. त्रास येऊन-जाऊन होत असेल, तर चोवीस तास किंवा अधिक काळ अंगावर बांधायचे होल्टर यंत्र लागते. चक्कर किंवा बेशुद्धीची तक्रार असेल तर होल्टर विशेष महत्त्वाचे, कारण काही वृद्धांच्या हृदयाचा वेग कधी दीडशेवर जातो आणि कधी तीन-चार सेकंद थांबतो. अशा रुग्णाला वेग कमी करणारी गोळी दिली की ते थांबणे आणखी लांबते. तेथे बहुधा आधी पेसमेकर आणि मग गोळी असा मार्ग असतो.

निदान पक्के झाल्यावर कारण शोधावे. थायरॉइडचा टीएसएच, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, साखर, किडनीचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि यकृताच्या चाचण्या, तसेच हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको, एवढे व्हायलाच हवे. न्यूमोनियासारखा जंतुसंसर्ग, दारू, आणि घोरण्याबरोबर झोपेत श्वास अडण्याचा विकार ही कारणेही विचारून घ्यावीत. थायरॉइड जास्त काम करत असेल आणि त्याकडे लक्षच गेले नसेल, तर ठोक्यांवरची औषधे कितीही बदलली तरी नाडी धावतच राहते.

आणि मग औषधांची पिशवी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका आजींच्या सूनबाईंनी एकदा माझ्या टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा उपडा केला. त्यातून नाडीचा वेग कमी करणाऱ्या मेटोप्रोलॉलच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या निघाल्या. एक रक्तदाबासाठी गावातल्या दवाखान्यातून मिळालेली, दुसरी धडधडीसाठी शहरातून लिहून आलेली. आजी दोन्ही इमानाने घेत होत्या आणि नाडी होती बेचाळीस. त्याच डब्यात गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, धाप लागते म्हणून थिओफायलिनची गोळी, पित्तासाठी डोम्पेरिडोन मिसळलेली कॅप्सूल आणि ‘हृदयासाठी चांगली’ म्हणून लहान ॲस्पिरिन होती. थिओफायलिन ठोके वाढवते, डायक्लोफेनॅक किडनी आणि जठर दोन्हींवर घाला घालते, डोम्पेरिडोन हृदयाच्या विद्युतचक्रातला क्यूटी नावाचा काळ लांबवते. नवे औषध लिहिण्याआधी त्या दिवशी मी दोन गोळ्या बंद केल्या, एक बदलली, आणि आजींचे गरगरणे आठवड्याभरात थांबले. म्हणून तपासणीला जाताना यादी नेऊ नका, सगळा डबाच न्या. काढे, चूर्ण आणि शेजाऱ्यांनी दिलेल्या गोळ्यांसकट. ज्येष्ठमध नियमित घेतल्यास पोटॅशियम उतरते, ही गोष्ट डॉक्टरांना कोणी आपण होऊन सांगत नाही.

दुसरी पायरी: गुठळीपासून संरक्षण

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचते, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात होतो. एट्रियल फिब्रिलेशनमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो, आणि असा झटका इतर झटक्यांपेक्षा सहसा मोठा असतो. धोका मोजण्याची एक साधी गुणपद्धत आहे. हृदयाचा पंप कमकुवत असणे, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचा विकार यांना प्रत्येकी एक गुण, आधी झालेल्या पक्षाघाताला दोन, ६५ ते ७४ वयाला एक आणि ७५ व त्यापुढील वयाला दोन. बेरीज दोन किंवा अधिक आली की गुठळीरोधक औषधाची शिफारस होते. याचा सरळ अर्थ असा की पंचाहत्तरी पार केलेल्या माणसाला केवळ वयामुळेच ते औषध लागू होते, मग त्याला धडधड जाणवो वा न जाणवो.

येथे दोन समजुती आड येतात. पहिली, म्हातारपणी ‘रक्त पातळ करण्यापेक्षा’ ॲस्पिरिन सौम्य. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या बाफ्टा या ब्रिटिश अभ्यासात पंचाहत्तरीपुढच्या ९७३ रुग्णांमध्ये वॉरफरिन हे जुने गुठळीरोधक औषध आणि ॲस्पिरिन यांची तुलना झाली. वॉरफरिनने पक्षाघात निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव दोन्ही गटांत जवळपास सारखाच राहिला. एट्रियल फिब्रिलेशनमधल्या गुठळीसाठी ॲस्पिरिन हा उपाय नव्हे. दुसरी समजूत पडण्याच्या भीतीची. १९९९ सालच्या एका गणिती विश्लेषणाने दाखवले होते की पडून मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वॉरफरिनच्या फायद्यापेक्षा मोठा ठरायला माणसाला वर्षात सुमारे २९५ वेळा पडावे लागेल. हा आकडा गणिताचा आहे, पण त्यातला मुद्दा मला पटतो: पडण्याच्या भीतीने औषध नाकारण्याऐवजी न्हाणीघरात धरायला कठडा बसवावा, रात्री दिवा ठेवावा, चष्म्याचा नंबर तपासावा आणि उठताना रक्तदाब उतरतो का ते पाहावे.

औषध कोणते? आधी झडपा पाहाव्यात. लहानपणी ऱ्हुमॅटिक तापाने मायट्रल झडप अरुंद झालेली असेल, किंवा धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर वॉरफरिन किंवा आपल्याकडे अधिक वापरले जाणारे ॲसिनोकुमरॉल हेच घ्यायचे. ऱ्हुमॅटिक झडपविकार आपल्या देशात अजून भरपूर आहे, म्हणून हा मुद्दा परदेशी लेखांत एका ओळीत संपला तरी आपल्याला तसा संपवता येत नाही. २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासात याच रुग्णांमध्ये नव्या रिव्हारोक्साबानपेक्षा जुन्या गटातील औषधानेच अधिक जीव वाचले. या जुन्या औषधांबरोबर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी तपासणी, नियमित करावी लागते. अरुंद मायट्रल झडपेसाठी ती साधारण २ ते ३ मध्ये राखतात, धातूच्या झडपेला बहुधा त्याहून अधिक लागते. पालक, मेथी, शेपू, अळू बंद करण्याची गरज नाही. मात्र आठवडाभर भाजी नाही आणि मग श्रावणात रोज अळूचे फदफदे, असा चढउतार नको.

बाकी बहुतेक वृद्धांसाठी अपिक्साबान, रिव्हारोक्साबान किंवा डॅबिगट्रान यांपैकी एक निवडतात, आणि येथे किडनी व वजन निर्णायक ठरतात. अहवालातला क्रिएटिनिनचा आकडा एकटा पाहून फसगत होते. किडनी खरोखर किती रक्त गाळते, म्हणजे तिचा क्लिअरन्स, असा काढतात: १४० मधून वय वजा करा, उत्तराला किलोतल्या वजनाने गुणा, क्रिएटिनिनला ७२ ने गुणून येणाऱ्या संख्येने त्याला भागा, आणि रुग्ण स्त्री असेल तर शेवटी ०.८५ ने गुणा. मघाच्या आजींचे वय ७८, वजन ४८ किलो, क्रिएटिनिन १.१. प्रयोगशाळेच्या कागदावर त्याखाली रेघ नव्हती, म्हणजे सगळे ठीक असे घरच्यांना वाटत होते. हिशेब केला तर उत्तर येते मिनिटाला सुमारे ३२ मिलिलिटर. निरोगी तरुणाच्या निम्म्याहूनही कमी.

आता हेच ३२ तिन्ही औषधांना लावून पाहा. डॅबिगट्रानचा सुमारे ऐंशी टक्के भाग किडनीतून बाहेर पडतो, त्यामुळे या आजींना ते देणे मला धोक्याचे वाटते. ३० च्या खाली तर ते युरोपीय नियमांनुसार वर्ज्यच आहे. रिव्हारोक्साबानची नेहमीची मात्रा २० मिलिग्रॅम, पण ५० च्या खाली ती १५ होते, आणि ती गोळी भरल्या पोटी घेतली नाही तर पुरेशी शोषली जात नाही. अपिक्साबानची मात्रा कमी करण्याचा नियम निराळा आहे: वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक, या तिन्हींपैकी दोन गोष्टी लागू असतील तरच ५ ऐवजी २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. आजींना केवळ वजनाची अट लागू होत होती, म्हणून त्यांना पूर्ण ५ मिलिग्रॅम. दोन वर्षांनी ऐंशीवा वाढदिवस झाला की त्याच आजींची मात्रा निम्मी होईल. ‘वय झाले आहे, थोडी कमीच देऊ’ या दयेने नियमाबाहेर अर्धी केलेली मात्रा पक्षाघातापासून पुरते रक्षण करत नाही, हे मी पुनःपुन्हा सांगत असतो. रक्तस्रावाचा विचार करता वृद्धांमध्ये माझी पहिली पसंती सहसा अपिक्साबानला असते. जेनेरिक मिळू लागल्यापासून ते पूर्वीइतके महागही राहिलेले नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अत्यंत अशक्त झालेले वृद्ध रुग्ण जुन्या औषधावर नीट स्थिरावलेले असतील, तर केवळ नवे चांगले म्हणून औषध बदलू नये. २०२३ च्या फ्रेल-एएफ या डच अभ्यासात असा बदल केलेल्यांमध्ये रक्तस्राव वाढलेला आढळला.

तिसरी पायरी: वेग आवरणे

विश्रांतीच्या वेळी ठोके मिनिटाला ११० च्या आत असले आणि रुग्णाला त्रास नसला, तर बहुतेकांना तेवढे पुरते. २०१० च्या रेस-टू अभ्यासाने दाखवले की ८० च्या आत आणण्याचा हट्ट धरून अधिक लाभ होत नाही. वृद्धांसाठी ही दिलाशाची गोष्ट आहे, कारण हट्टाची किंमत चक्कर, थकवा आणि पडणे अशी मोजावी लागते. धाप किंवा थकवा टिकून राहिला तरच वेग आणखी खाली आणावा.

निवड इकोवरून होते. पंपाची ताकद चांगली असेल तर मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल, अथवा डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल. ताकद ४० टक्के किंवा त्याखाली असेल तर शेवटची दोन्ही टाळावीत, आणि मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल यांतून निवडावे. तीव्र दमा असेल तर मेटोप्रोलॉल गटाऐवजी डिल्टियाझेम बरे. सिगारेट किंवा चुलीच्या धुराने झालेल्या जुनाट फुप्फुसविकारात मात्र बिसोप्रोलॉल सहसा चालते. व्हेरापामिलने बद्धकोष्ठ होते, डिल्टियाझेमने घोट्यांना सूज येते, आणि ती सूज पाहून कोणी लघवीची गोळी वाढवली की नवाच त्रास सुरू होतो. मेटोप्रोलॉलबरोबर डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल एकत्र देणे वृद्धांमध्ये टाळावेच. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की मेटोप्रोलॉलमुळे साखर उतरल्याची धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. सुरुवात नेहमी लहान मात्रेने, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल २५ मिलिग्रॅमने करावी आणि एक-दोन आठवडे थांबून वाढवावी.

डिगॉक्सिनबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण घरोघरी ते आहे आणि त्याची भीती व दुरुपयोग दोन्ही आहेत. ते वय झालेल्या, घरातच हिंडणाऱ्या, रक्तदाब कमी असलेल्या माणसाला उपयोगी पडते, कारण ते रक्तदाब उतरवत नाही. २०२० च्या रेट-एएफ अभ्यासात साठीपुढच्या १६० रुग्णांमध्ये बिसोप्रोलॉलच्या तुलनेत जीवनमान सारखेच राहिले आणि दुष्परिणाम डिगॉक्सिनच्या गटात कमी आढळले. परंतु उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे. नेहमीची गोळी ०.२५ मिलिग्रॅमची येते. वृद्धांना बहुधा तिची अर्धी, म्हणजे ०.१२५, आणि किडनी खालावलेली असेल तर त्याहूनही कमी लागते. लघवीच्या गोळीने पोटॅशियम उतरले, किंवा अमिओडॅरोन, व्हेरापामिल वा क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक जोडीला आले, की तीच मात्रा विषारी होते. पहिले लक्षण बहुधा हृदयाचे नसते: जेवणावरची वासना जाते, मळमळते, माणूस गप्प किंवा गोंधळलेला होतो, कधी वस्तू पिवळसर दिसतात. ‘वय झाले, खातच नाहीत’ असे म्हणून हे सोडून देऊ नये; नाडी मोजावी, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि औषधाची रक्तातली पातळी पाहावी.

चौथी पायरी: लय परत आणायची का?

२००२ च्या ॲफर्म अभ्यासात ४,०६० रुग्णांमध्ये, ज्यांचे सरासरी वय सत्तरीच्या आसपास होते, लय परत आणणाऱ्या औषधांनी आयुष्य वाढले नाही, उलट रुग्णालयाच्या खेपा वाढल्या. आणखी महत्त्वाचे म्हणजे, लय सुधारली म्हणून ज्यांचे गुठळीरोधक औषध थांबले किंवा अपुरे पडले, त्यांच्यातच बहुतेक पक्षाघात झाले. २०२० च्या ईस्ट अभ्यासाने चित्राची दुसरी बाजू दाखवली: निदान होऊन वर्षही झालेले नसताना लय राखण्याचा प्रयत्न केला तर मृत्यू, पक्षाघात आणि हृदयाशी संबंधित गुंतागुंत यांचे एकत्रित प्रमाण घटते. म्हणून माझ्या मते, वेग ताब्यात असूनही दम लागतो, पंप कमजोर होत चालला आहे, किंवा विकार नुकताच सुरू झाला आहे, अशा वृद्धांच्या बाबतीत हृदयरोगतज्ज्ञांशी बोलावे. जे बारा वर्षे याच लयीत शांतपणे शेतावर फेरी मारून येतात, त्यांच्या मागे लागू नये.

औषधांची यादी छोटी आहे. फ्लेकेनाइड आणि प्रोपाफेनोन हृदयविकाराचा झटका आलेल्या किंवा पंप कमजोर असलेल्या रुग्णाला देत नाहीत. झटक्यानंतर फ्लेकेनाइड दिल्याने मृत्यू वाढतात हे कास्ट अभ्यासाने १९८९ मध्येच दाखवून दिले होते. वृद्धांमध्ये धमन्यांचा विकार लपलेला असतो, त्यामुळे ही औषधे फार थोड्यांना लागू पडतात. सोटालॉल किडनीतून जाते आणि क्यूटी लांबवते. ३२ क्लिअरन्सच्या आजींना ते नकोच. ड्रोनेडॅरोन कायमच्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये आणि हृदय निकामी होत असताना घातक ठरले आहे.

उरते अमिओडॅरोन, जे कमजोर पंपातही चालते आणि म्हणूनच सर्वांत जास्त लिहिले जाते. त्याच्या वजनाचा ३७ टक्के भाग आयोडीन असतो आणि ते शरीरात महिनोन्‌महिने साठून राहते, त्यामुळे गोळी थांबवली तरी परिणाम लगेच थांबत नाही. सुरू करण्याआधी टीएसएच, यकृताच्या चाचण्या, छातीचा एक्स-रे आणि ईसीजी करून घ्यावा. नंतर टीएसएच व यकृत दर सहा महिन्यांनी. वृद्धांना सुरुवातीच्या भरणीनंतर रोज १०० ते २०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक क्वचितच लागते. नवा कोरडा खोकला किंवा वाढती धाप याला सर्दी समजू नये, ते फुप्फुसावरचे दुष्परिणाम असू शकतात. उन्हात बसणाऱ्यांनी अंग झाकावे, त्वचा भाजल्यासारखी होते आणि कालांतराने निळसर पडते. वॉरफरिन चालू असताना अमिओडॅरोन जोडले तर वॉरफरिनची मात्रा बहुधा तिसरा हिस्सा ते निम्मी कमी करावी लागते, आणि काही आठवडे आयएनआर वारंवार पाहावी लागते.

पाचवी पायरी: घरी काय पाहायचे

मनगटावरची नाडी पूर्ण साठ सेकंद मोजावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे अनियमित नाडीत फसवते. रक्तदाब लागोपाठ तीनदा घेऊन सरासरी लिहावी. नाडी पन्नासच्या खाली किंवा विश्रांतीत १२० च्या वर टिकली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. क्लिअरन्स ६० च्या खाली असेल तर त्या आकड्याला दहाने भागावे, जे उत्तर येईल तितक्या महिन्यांनी किडनीची तपासणी करावी; आजींसाठी दर तीन महिन्यांनी. जुलाब, उलट्या किंवा ताप आला तर त्याआधीच, कारण दोन दिवसांच्या जुलाबात ३२ चे २० होऊ शकतात.

दुखण्यावर पॅरासिटामॉल घ्यावे; डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन दुकानातून आणू नयेत. कोणी अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखे प्रतिजैविक लिहिले तर अमिओडॅरोन किंवा सोटालॉल चालू असल्याचे आधी सांगावे. दात काढायचा असेल तर गुठळीरोधक गोळी आपण होऊन थांबवू नये, दंतवैद्य आणि फिजिशियन यांना एकमेकांशी बोलायला लावावे. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी विसरली तर सहा तासांच्या आत, एकदाच घ्यायची असेल तर बारा तासांच्या आत घेता येते. त्यानंतर ती सोडून पुढच्या वेळेची घ्यावी, दोन एकदम कधीही नाही. डॅबिगट्रानची कॅप्सूल फोडून पूड पाण्यात देऊ नये आणि ती आठवड्याच्या डबीत काढून ठेवू नये, तिच्या मूळ वेष्टनातच राहू द्यावी.

तोंड वाकडे होणे, हातातले बळ जाणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे, डांबरासारखी काळी शौच होणे, किंवा डोक्याला मार लागणे (जखम दिसत नसली तरी) यांपैकी काहीही झाले तर १०८ वर फोन करावा, आणि गुठळीरोधक गोळी कोणती व शेवटची किती वाजता घेतली हे चिठ्ठीवर लिहून रुग्णाबरोबर द्यावे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन देता येईल की नाही, हे त्या वेळेवर अवलंबून असते.